डबा कशाचा हवा?

खुडूक कोंबडीची वाट न बघता अंडी उबवता यावीत, म्हणून आमच्या पुतण्याने गेल्या पावसाळ्यात घरीच उबवणी पेटी केली. तो सांगलीला आयटीआयत शिकतो, घर आमचे साताऱ्याच्या माण तालुक्यात. पेटीत दोन बल्ब, छोटा पंखा आणि पाण्याची वाटी. उष्णता ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावी म्हणून त्याने सर्किटही स्वतःच जोडले. पेटी गार पडली की रिले बल्ब लावतो, तापली की बंद करतो. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, तोवर हे रात्रंदिवस चालायचे.

सर्किट त्याने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवले. एके सकाळी वाटीत पाणी ओतून वहिनींनी ओल्या हाताने तो डबा सरकवला आणि हाताला झिणझिण्या आल्या. पायात रबरी चप्पल होती, म्हणून निभावले. उघडून पाहिले तर भोकाच्या धारेने वायरचे आवरण कापले होते आणि डब्याला अर्थिंगच नव्हते.

तेव्हा डबा कशाचा हवा, याचा आम्ही नीट विचार केला. तोच इथे सांगतो.

पत्रा जळत नाही, त्याला उंदीर कुरतडत नाहीत. पण आत एक वायर सुटली की सगळा डबाच २३० व्होल्टचा होतो. पत्राच वापरायचा तर रंग खरवडून हिरवी अर्थची वायर स्क्रूने पक्की आवळा, तीन पिनांची प्लग लावा आणि वायरच्या भोकात रबरी कडी बसवा. घरातले अर्थिंग खरोखर चालू आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.

लाकूड किंवा प्लायवूड स्वस्त. कोरडे असेल तर करंट लागू देत नाही, पण ओल धरते आणि ठिणगीने पेटते. पुठ्ठ्याचे तर नावच नको. लोणच्याची प्लास्टिकची बरणीही नको, ती उष्णतेने वितळते.

आमच्या मते इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा जाड पीव्हीसीचा बोर्ड-बॉक्स बरा. तो करंट वाहू देत नाही आणि आग लागली तरी स्वतःहून जळत राहत नाही. मात्र ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, म्हणून बल्बपासून लांब आणि उबवणी पेटीच्या बाहेर ठेवा. आतल्या दमट हवेत सर्किट गंजतेही. आत फक्त उष्णता मोजणारा सेन्सर सोडा, तोही अंड्यांच्या उंचीवर.

डबा कोणताही असो, फ्यूज हवाच. जमल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळू लागला की तो लगेच पुरवठा तोडतो. आणि वाटी भरण्याआधी प्लग काढायची सवय घरात सगळ्यांनाच लावा.

पुतण्याने नव्या डब्यात सर्किट बसवले, पण पहिल्यांदा हात त्याने स्वतः लावला. मगच वहिनींना वाटी भरू दिली.