पैसा कुणाचा, प्रश्न कुणाचा?

वरवट बकालच्या स्टँडवर चहा पीत होतो. शेगावची एसटी आली. आपल्या वस्तीतला एक पोरगा उतरला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाप दुसऱ्याच्या वावरात राबतो, माय कापूस वेचायला जाते. मी विचारलं, "प्रोजेक्टचं काय झालं रे?"

"कंपनीचं प्रोजेक्ट आलं होतं दादा, पुण्याहून. चार पोट्टे घेतले. आमचं नाव नाही लागलं."

"काऊन?"

"सर म्हणे, तुमचं कम्युनिकेशन नाही."

मित्रांनो, हा शब्द नीट ऐकून ठेवा. आधी म्हणायचे, तुझी सावली पडते. मग म्हणाले, तुझ्याकडं मेरिट नाही. आता म्हणतात, कम्युनिकेशन नाही. शब्द कोट बदलतो, आतला माणूस तोच. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. हे एका कॉलेजचं दुखणं नाही.

कंपनीचं प्रोजेक्ट म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. अमेरिकेत हार्वी मड कॉलेजनं 1963 साली 'क्लिनिक' नावाची पद्धत सुरू केली. कंपनीनं आपला खरा प्रश्न आणायचा, पैसे द्यायचे, आणि पोरांच्या तुकडीनं वर्षभर राबून तो सोडवायचा. कल्पना वाईट नाही. पुस्तकातलं गणित आणि बाजारातलं गणित यांची गाठ पडते. आपल्याकडंही आता कॉलेजं कंपन्यांशी करार करतात, फोटो काढतात, भिंतीवर लावतात.

पण फोटोच्या मागं काय घडतं? वर्षभर कंपनीच्या माणसाबरोबर काम केलेल्या पोराला मुलाखतीत नाव सांगावं लागत नाही. तो ओळखीचा झालेला असतो. म्हणजे हे प्रोजेक्ट हाच नोकरीचा पहिला दरवाजा. आणि खाजगी नोकरीत आरक्षण नाही. घटनेचं कलम 16(4) सरकारी नोकरीपुरतं. तेव्हा ज्या दिवशी सर चार नावं कागदावर लिहितात, त्या दिवशी भरती सुरू होते. बिंदुनामावलीशिवाय, जाहिरातीशिवाय. दहावीला साठ टक्के, बारावीला साठ टक्के, आणि वर इंग्रजी. ज्याच्या घरात पुस्तकाला वेगळं कपाट आहे, त्याला ही चाळण लागतच नाही.

आता आपलंही उणं सांगतो. राग आला तर येऊ द्या. नाव लागलं नाही की आपली पोरं काय करतात? शहरात जातात, चार-सहा हजार देऊन रेडीमेड प्रोजेक्ट विकत आणतात. तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट, तीच ती हॉस्पिटल मॅनेजमेंट. परीक्षकापुढं पाठ केलेलं म्हणायचं, सही घ्यायची, सुटायचं. मायनं वेचलेल्या कापसाच्या पैशानं दुसऱ्याची अक्कल विकत घ्यायची! याला शिक्षण म्हणायचं असेल तर मग गुलामी कशाला म्हणायची?

त्या पोराला घेऊन मी वस्तीत गेलो. हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या या खोऱ्यात हापशीचं पाणी तोंडात धरवत नाही. किडनीच्या आजारानं माणसं गेल्याच्या गोष्टी संग्रामपूर, जळगाव जामोदच्या गावागावांत ऐकायला मिळतात. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. हे मोजायचं यंत्र पेनाएवढं असतं. वान धरणाची पाइपलाइन आली, तरी नळ कोणत्या दिवशी कोणत्या वस्तीला किती वेळ येतो, याची वही कुणाकडं आहे? पाइपच्या शेवटी कोण राहतं, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

मी पोराला म्हटलं, "हे तुझं प्रोजेक्ट."

तो म्हणाला, "याले कंपनी कोठून भेटन दादा?"

खरं आहे. कंपनी आपला प्रश्न घेऊन येते. कोणता गिऱ्हाईक सोडून जाईल, तेवढंच तिला मोजायचं असतं. कोणती वस्ती तहानलेली राहील, ते तिच्या हिशेबात नाही. म्हणून प्रश्न आपणच न्यायचा. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 वाचा. 500 कोटी नक्त मालमत्ता, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा, यातलं काहीही एक असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे आहेत. त्या यादीत शिक्षण आहे, पिण्याचं शुद्ध पाणीही आहे. तेव्हा भीक मागायला जायचं नाही. कायद्याचा कागद हातात धरून जायचं.

आणि सही करण्याआधी दुसरा कायदा वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोकरानं नोकरीत लिहिलं तर त्यावर मालकाचा हक्क. विद्यार्थी नोकर नाही. त्यानं लिहिलेलं त्याचंच, लेखी सही करून देईपर्यंत. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरतं. सावकाराच्या कागदावर अंगठा देणाऱ्या आज्याचे आपण नातू. आपल्याला वाचता येतं. मग न वाचता सही का करायची?

बाबासाहेबही स्पॉन्सर घेऊनच शिकले. 1913 साली बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. पैसा बडोद्याचा होता. पण मे 1916 मध्ये कोलंबियात निबंध वाचला तो जातीवर. प्रश्न त्यांनी आपल्या वस्तीतून नेला होता. 1917 साली करार पाळायला बडोद्याला गेले, तर राहायला घर मिळालं नाही. संस्थानानं पैसा दिला, त्या शहराला माणूस पेलला नाही. आजच्या कंपनीला आपला कोड पेलतो. माणूस पेलतो का, हे विचारायलाच पाहिजे.

म्हणून कॉलेजांना आमचं सरळ मागणं. निवडीच्या अटी आधी लिहून भिंतीवर लावा. कोणाला घेतलं, कोणाला नाही, तेही लावा. तुकड्या मिसळून करा, मेरिटवाल्यांची वेगळी पंगत नको. येण्याजाण्याचा खर्च कंपनीनं द्यावा. आणि तयारी जुलैत सत्र उघडल्यावर नको, उन्हाळ्यातच व्हावी. मे-जूनमध्ये वस्तीत, पंचायतीत, जिनिंगमध्ये फिरून प्रश्न गोळा करा. जुलैत प्रश्न, वेळ, खर्च आणि हक्क कागदावर आणा. दिवाळीपर्यंत मोडकंतोडकं का होईना, चालणारं काहीतरी वापरणाऱ्याच्या हातात द्या. मग मार्चपर्यंत दुरुस्ती. शेवटचा अहवाल मराठीतही लिहा, म्हणजे ज्याच्यासाठी केलं त्याला वाचता येईल.

शेवटी, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत बसलेल्या माझ्या भावांनो, बहिणींनो. तुम्ही आरक्षणानं शिकलात, कष्टानं टिकलात. 14 एप्रिलला निळा झेंडा लावता, छान. पण आठवड्यातले दोन तास एका तुकडीला द्या. तुमच्या साहेबाला सांगा, या वर्षी प्रोजेक्ट वरवट बकालच्या पोरांना द्यायचं. साहेब म्हणेल, त्यांचं कम्युनिकेशन नाही. तेव्हा गप्प बसू नका. तुमचंही नव्हतं, हे त्याला सांगा.

त्या पोरानं परवा क्षार मोजायचं यंत्र आणलं. चौघं जमलेत. वहीचं पहिलं पान भरलंय. स्पॉन्सर अजून नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोण होतं, बोला.

जय भीम.