मामू, लकेम्ब्यात घर बघू का?

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. तिच्या नवऱ्याला कंपनी सिडनीला पाठवतेय. मोठी मुलगी नऊ वर्षांची, धाकटा नुकताच पाचाचा झालाय. पहिले चार आठवडे राहायची सोय कंपनी करणार, तेवढ्यात भाड्याचं घर शोधायचं. मी 2015 ते 2019 तिथे काढली आहेत, म्हणून आमच्या खानदानात या विषयातला तज्ज्ञ मीच. तिने विचारलं, "मामू, लकेम्ब्यात घर बघू का? तिथे सगळे आपलेच आहेत म्हणे." मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "मामूंना सांग, लकेम्बा नको. तिथे सगळे आपलेच आहेत."

वाक्य एकच. तिच्यासाठी ते जाण्याचं कारण, त्याच्यासाठी न जाण्याचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिडनीत ज्याला सबर्ब म्हणतात ते आपल्याकडच्या उपनगरासारखं मोठं प्रकरण नसतं. एखाद्या पेठेएवढा भाग, एक स्टेशन, एक बाजाररस्ता, एक-दोन शाळा. लकेम्बा तसंच, शहराच्या मध्यापासून पंधराएक किलोमीटरवर. ऑस्ट्रेलियात मुसलमान 2021 च्या जनगणनेनुसार 3.2 टक्के आहेत; लकेम्ब्यात ते निम्म्याहून जास्त. तिथली मोठी मशीद लेबनीज लोकांनी उभी केली. हॅल्डन स्ट्रीटवर लेबनीज बेकऱ्या आहेत, बांगलादेशी किराणा आहे, आणि रमजानच्या रात्री तो रस्ता असा फुलतो की मोहम्मद अली रोडची आठवण यावी. उंटाच्या मांसाचा बर्गर खायला मुसलमान नसलेले लोकही लांबून येतात.

मी तिथे राहिलो नाही. का राहिलो नाही, ते सांगितल्याशिवाय भाचीला सल्ला देणं खोटेपणाचं होईल.

आम्ही पुण्यात घर शोधत होतो 2009 मध्ये. ज्याने हे केलंय त्याला पुढचं सांगायला नको. फ्लॅट आवडायचा, भाडं ठरायचं, चहा व्हायचा, मग एजंट विचारायचा, "पूर्ण नाव काय म्हणालात?" त्यानंतर मालकांना घरी विचारून सांगायचं असायचं. मालकांनी घरी काय विचारलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. सात घरं झाली. शेवटी कोंढव्यात आलो, जिथे पुण्यातले आमच्यासारखे बरेच जण शेवटी येतात. कोंढवा वाईट नव्हता. पण तो मी निवडला नव्हता, आणि ही गोष्ट दार उघडताना रोज आठवायची.

सिडनीला पोचल्यावर अर्ज भरायला घेतला. पगार किती, आधी कुठे राहात होता, घरमालकाचं पत्र, माणसं किती, कुत्रा-मांजर आहे का. धर्माचा रकाना नाही. तिथला 1977 चा भेदभावविरोधी कायदा घर भाड्याने देण्यालाही लागू आहे. नाव वाचून कुणी आमचा अर्ज खाली सरकवला असेलही, ते कळायला मार्ग नाही. पण तोंडावर कुणी विचारलं नाही. मला त्या रकान्याच्या नसण्याची नशा चढली. आता मी हवं तिथे राहणार! आणि हवं तिथे म्हणजे कुठे, तर जिथे आपले नाहीत तिथे. वायव्येच्या टेकड्यांवर, कासल हिलच्या बाजूला घर घेतलं. रुंद रस्ते, झाडं, यादीत वर असलेली शाळा. कुणी विचारलं तर शाळेचं कारण सांगायचो.

तिथे तेव्हा रेल्वे नव्हती. मेट्रो आली मे 2019 मध्ये. गाडी मी घेऊन जायचो. बायकोला गाडी चालवता येत नव्हती. बसस्टॉप चढावर, बस अर्ध्या-पाऊण तासाने. मुलीला शाळेत सोडलं की साडेनऊ ते तीन ती आणि भिंती. रस्त्यावर चालणारं माणूस दिसलं तर ती खिडकीशी यायची, असं मला तिने फार नंतर सांगितलं. महिन्यातून दोन शनिवार आम्ही मटण आणायला लकेम्ब्याला जायचो. तिथे तिची चाल बदलायची. दुकानदाराशी मोडक्या उर्दूत भांडायची, बांगलादेशी बायकांशी माशांवर बोलायची. परत येताना एकदा म्हणाली, "इथेच घर का नाही घेतलं आपण?" मी पुन्हा शाळा सांगितली. खरं उत्तर पुण्यातलं होतं, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. तिचं एक वर्ष त्यात गेलं.

म्हणून माझं मत असं झालंय की आपल्यापैकी बरेच जण परदेशातलं घर इथूनच, भारतातूनच निवडून जातात. कुणी भीतीने आपल्यांत जातो, कुणी शरमेने आपल्यांपासून पळतो. दोघांनाही आपण तिथलं गाव बघून ठरवलं असं वाटतं. भाचीची भीती मला समजते, ती स्कार्फ बांधते. पण तिच्या नवऱ्याची अढी मला जास्त समजते, कारण ती माझीच आहे. शिकलेल्या मुसलमानाला मुसलमान वस्तीची वाटणारी ही लाज आपण एकमेकांत बोलत नाही. "मुलांना मिक्स वातावरण हवं" असं म्हणतो. मिक्स हवंच. पण गोऱ्या, पैसेवाल्या भागालाच आपण मिक्स का म्हणतो? लकेम्ब्याच्या एका वर्गात लेबनीज, बांगलादेशी, पाकिस्तानी, इंडोनेशियन मुलं शेजारी बसतात, ते मिक्स नव्हे?

आणि "आपले" म्हणजे तरी कोण? लकेम्ब्यात आमची शेजारीण होऊ शकली असती ती अरबी किंवा बंगाली बोलली असती. आमच्या घरात मराठी बोलतात, याचं तिथल्या दुकानदाराला नेहमी नवल वाटायचं. हिंदुस्थानी मुसलमान म्हणजे उर्दू, हे त्याचं पक्कं गणित. वर्षभराने आम्ही वेंटवर्थव्हिलला आलो. पॅरामॅट्याच्या पलीकडे, रेल्वेवर, भारतीयांची भरपूर वस्ती. प्लॅटफॉर्मवर मराठी कानावर पडायची. पहिल्याच आठवड्यात किराणा दुकानात एका बाई बायकोला म्हणाल्या, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!" सातासमुद्रापलीकडे जाऊनही हे वाक्य चुकलं नाही. बायको म्हणाली, "तुमचंही छान आहे." मग दोघी हसल्या. त्याच बाईंनी शाळा सुटल्यानंतरच्या पाळणाघरात कुठे जागा आहे ते सांगितलं, जे मला इंटरनेटवर दोन आठवडे शोधून सापडलं नव्हतं. ज्यांची दोघांची नोकरी असते त्यांनी भाड्याआधी याची चौकशी करावी. तिथे प्रतीक्षायादी असते.

शाळेचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आईबाप सगळ्यात जास्त इथेच फसतात. न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी शाळा पत्त्यावर ठरते. घर ज्या शाळेच्या हद्दीत, त्या शाळेने तुमचं मूल घ्यायचं. त्यामुळे भाडेकरार हाच प्रवेशाचा कागद. रस्त्याच्या एका बाजूला एक शाळा, दुसऱ्या बाजूला दुसरी, असंही होतं. म्हणून करार करण्याआधी नेमका पत्ता टाकून हद्द बघावी. काही तात्पुरत्या व्हिसांवर सरकारी शाळेलाही दर मुलामागे वर्षाला हजारो डॉलर फी पडते, हे कंपनीचा माणूस सांगत नाही, आधी विचारून घ्यावं. धाकट्याचं वय 31 जुलैपर्यंत पाच पूर्ण होत असेल तर त्या वर्षी तो किंडरगार्टनला बसू शकतो, आणि शाळेचं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं.

आणि त्या याद्या. 'माय स्कूल' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचा एक आकडा असतो, सरासरी 1000 धरलेला. 1100 दिसला की आपण खूश. तो आकडा प्रामुख्याने पालकांचं शिक्षण आणि व्यवसाय यांवरून काढतात. म्हणजे मी वर्षभर ज्याच्यासाठी बायकोला टेकडीवर बसवून ठेवलं ते शाळेचं नव्हे, शेजाऱ्यांचं प्रगतिपुस्तक होतं. त्याच पानावर आणखी एक आकडा असतो, ज्या मुलांच्या घरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा आहे त्यांचा. पश्चिम सिडनीत तो नव्वदच्या पुढे गेलेल्या शाळा पुष्कळ. आपले लोक तो बघून दचकतात. मला तो आता जमेची बाजू वाटतो. तिथल्या शिक्षकांना वर्षाच्या मधोमध आलेलं, गप्प बसणारं मूल नवं नसतं.

इस्लामी शाळांबद्दलही तिने विचारलं. त्या खाजगी आहेत, फी घेतात, आणि त्यांना हद्द नसते. त्यामुळे त्यांच्यासाठी अमुकच रस्त्यावर घर हवं असं नाही. सरकारी शाळेतही आठवड्यातून एक धर्मशिक्षणाचा तास असतो, आणि शिकवणारे मिळाले तर तो इस्लामचाही असतो. माझी मुलगी त्या तासाला बसायची. रमजानात जेवणाच्या सुट्टीत तिची बाई तिला ग्रंथालयात बसू द्यायची. लकेम्ब्यात हे सांगावंच लागलं नसतं. सांगावं लागल्याने तिचं काही बिघडलं का? मला नाही वाटत. बायकोला वाटतं, आठ वर्षांच्या पोरीवर ते ओझंच होतं. आमचा यावर अजून निकाल लागलेला नाही.

भीतीचं खोटं सांगणार नाही. 11 डिसेंबर 2005 ची क्रोनुलाची दंगल लोकांना आठवते. 15 मार्च 2019 ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत 51 माणसं मारली गेली, मारणारा ऑस्ट्रेलियनच होता. त्या शुक्रवारी संध्याकाळी मी बायकोला आणायला स्टेशनवर गेलो, एरवी ती एकटी चालत यायची. पुढच्या जुम्म्याला पॅरामॅट्याच्या मशिदीत नेहमीपेक्षा गर्दी होती. त्या आठवड्यात लकेम्ब्यात असतो तर धीर जास्त मिळाला असता, यात शंका नाही.

भाचीला मी एवढंच सांगितलं. पहिला करार सहा महिन्यांचा करा, मोठं घर बघू नका. भाडं आठवड्याचं असतं, ते चारने गुणून महिन्याचा हिशेब करू नका. 52 ने गुणा आणि 12 ने भागा. 600 डॉलरचं घर महिन्याला 2400 ला नाही, 2600 ला पडतं. त्यावर चार आठवड्यांचं डिपॉझिट, ते मालकाकडे नाही, सरकारकडे जमा राहतं. नकाशावरच्या रेल्वेवरही आंधळा विश्वास नको: लकेम्ब्यावरून जाणारी लाइन सप्टेंबर 2024 मध्ये मेट्रोच्या कामासाठी बंद झाली आणि लोक बसवर आले. आणि जो माणूस रोज ऑफिसला जाणार, त्याच्या सोयीने घर निवडू नका. जी दिवसभर घरात आणि घराभोवती राहणार तिच्या पायांनी निवडा. भारतीय लायसन्सवर तिथे आता सहा महिनेच गाडी चालवता येते, मग परीक्षा. त्यामुळे पहिलं वर्ष पायीच समजा. कुठलाही भाग आवडला तर कामाच्या दिवशी दुपारी तीनला तिथल्या शाळेच्या फाटकाशी मुलांना घेऊन उभी राहा. कोण चालत घरी जातंय, वाटेत दुकान आहे का, बाक आहे का, तुझ्याकडे बघून कुणी हसतं का, ते बघ. मग लकेम्बा असो की वेंटवर्थव्हिल.

"आणि यांचं काय करू?" तिने हळूच विचारलं. म्हटलं, फोन दे त्याच्याकडे. त्याला मी सात घरांची गोष्ट सांगितली, मग टेकडीवरच्या वर्षाची. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमची नऊ झाली होती मामू, हडपसरला."

आता ते तिथे पोचलेत. काल तिचा मेसेज आला: लकेम्ब्यात एक अर्ज दिलाय, ऑबर्नला दोन. ऑबर्नच्या तुर्की मशिदीचा फोटोही पाठवलाय. धाकट्याला तिचे मिनार आवडले म्हणे, आणि खाली स्टेशनजवळच्या चिनी दुकानातला जिवंत खेकडा त्याहून जास्त. शनिवारी आणखी दोन घरं बघायची आहेत.