पाच पिल्ले आणि आमची चूक

गेल्या जानेवारीतील गोष्ट. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधीच सातवीचा एक विद्यार्थी विज्ञानाच्या खोलीपाशी येऊन उभा राहिला होता. हातात जेवणाचा डबा, पण आत भाकरी नव्हती. जुन्या बनियनच्या चिंधीवर बोटाच्या पेराएवढी पाच गुलाबी पिल्ले होती. डोळे मिटलेले, अंगावर लव नाही. आदल्या संध्याकाळी तूर निघालेल्या रानात वडिलांनी ट्रॅक्टर घातला, बीळ उघडे पडले आणि आई लांब उड्या घेत तुराट्यांच्या ढिगाकडे पळाली. "शेपटीच्या टोकाला काळा गोंडा होता, सर," तो म्हणाला.

त्या गोंड्यावरून ओळख पटली. हा घरातला उंदीर नव्हे. याला इंग्रजीत जर्बिल म्हणतात. आपल्याकडच्या जातीचे शास्त्रीय नाव टाटेरा इंडिका. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरे, डोळे टपोरे, शेपूट अंगापेक्षा लांब. दिवसभर बिळात राहतो, रात्री बाहेर पडून बिया, मुळे, गवत, किडे खातो. आपल्या बोलीत मात्र सगळेच उंदीर. वर्गातील कन्नड मित्रांनी "इली मरी, इली मरी" म्हणत डब्याभोवती गर्दी केली आणि दुसऱ्या तासाला निम्मी शाळा पाहून गेली.

पालकहो, पुढे जे झाले ते लपवण्यात अर्थ नाही. आम्ही शिक्षकांनी ती पिल्ले ठेवून घेतली. मुलांच्या डोळ्यांतील माया पाहून नाही म्हणवले नाही. बुटाच्या खोक्यात कापूस घातला. मुलींनी शाईच्या ड्रॉपरने गाईचे दूध पाजले. संध्याकाळी खोके कपाटावर ठेवून आम्ही कुलूप लावले आणि घरी गेलो. जानेवारीत बीदरच्या पठारावरची रात्र कशी असते हे आम्हाला कोणी सांगायला हवे होते काय? सकाळी दोन पिल्ले गारठून मेली होती. तिसऱ्या दिवशी आणखी दोन गेली, चौथ्या दिवशी शेवटचे.

नंतर आम्ही वाचले ते आधी वाचायला हवे होते. इतक्या लहान पिल्लाला स्वतःच्या अंगात ऊब धरता येत नाही, त्यामुळे आधी ऊब आणि मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजले तर ते पचत नाही. गाईच्या दुधाने त्याचे पोट बिघडते आणि ड्रॉपरचा थेंब जरा मोठा झाला तर फुप्फुसात जातो. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. आई चाटून शी-शू करवते. ते काम ओल्या कापसाने हळूच करावे लागते. डोळे उघडायलाच दोन-तीन आठवडे लागतात. हे सगळे करूनही पिल्ले जगतीलच असे नाही. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. तेथे पहिल्याच दिवशी विचारावे एवढेही आम्हाला सुचले नाही.

खरा उपाय मात्र त्या शेतातच होता. पिल्ले बिळाच्या जवळ, आडोशाला, कोरड्या गवतात ठेवून सगळ्यांनी दूर व्हायचे. माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्लांना टाकतेच असे नाही. अंधार पडल्यावर ती पुष्कळदा परत येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नव्या जागी नेते.

"पण सर, मोबाईलवर तर लोक काचेच्या पेटीत हेच पाळतात," असे एका मुलीने विचारले. प्रश्न योग्यच होता. ते जर्बिल मंगोलियाकडचे. १९५४ मध्ये जपानमधून त्यांच्या ११ जोड्या अमेरिकेत गेल्या आणि तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या ते माणसाच्या हाताखाली वाढले. तेथेही दोन माद्या म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघतो आणि एका सकाळी पेटीत पिल्ले दिसतात! मात्र त्या घरात आई असते, म्हणून काम सोपे असते. घरट्याला हात लावायचा नाही, कागदाचे कपटे आणि भरपूर खाणे द्यायचे, काही दिवस पेटी साफ करायची नाही. आमच्या खोक्यात आईच नव्हती.

आता थोडे गंभीर बोलणे भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले. भूकंपानंतर ओस घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. भारतात रानातल्या प्लेगचा साठा ज्या प्राण्यांत टिकून राहतो त्यांत हाच जर्बिल प्रमुख मानला जातो; त्याच्या पिसवा घरातल्या उंदरांवर जातात आणि तेथून माणसावर. आज आपल्याकडे प्लेगची साथ नाही, हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण निम्म्या शाळेने उघड्या हातांनी ती पिल्ले हाताळली आणि आम्ही साबणाची वडीसुद्धा ठेवली नव्हती. रानातल्या उंदराला हात लागला तर साबणाने धुवावा. चावा झाला किंवा नंतर ताप आला, काखेत-जांघेत गाठ आली, तर डॉक्टरांना उंदराचे नाव घेऊन सांगावे.

या प्रकरणावर पालक सभेत दोन टोकांची मते आली. एका पालकांनी म्हटले, तुरीची नासाडी करणाऱ्या उंदरासाठी रडायला शिकवणारी शाळा आम्हाला नको. तुरीवर ज्यांचे वर्षाचे गणित चालते त्यांचा हा राग आम्हाला समजतो. पण रडू शाळेने शिकवले नव्हते, ते मुलांना आपोआप आले, आणि ते पुसून टाकणे आमचे काम आहे असे आम्हाला वाटत नाही. दुसरीकडे एका विश्वस्तांनी मोठ्या मनाने शाळेत पिंजऱ्यांसह प्राणी-कोपरा करून द्यायची तयारी दाखवली. त्यांचे आभार मानून आम्ही नम्रपणे नको म्हणतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पिंजऱ्याकडे कोण पाहणार? एका जानेवारीच्या रात्रीचा अनुभव पुरे आहे.

त्या पैशांत आम्हाला चार चांगल्या विजेऱ्या आणि बांबू हवे आहेत. विजेऱ्या रात्री बांधावरून ही जित्राबे लांबून पाहण्यासाठी. बांबूचे पक्षिथांबे करून ते तुरीत रोवायचे, म्हणजे दिवसा अळ्या टिपणारे पक्षी बसतील आणि रात्री घुबड. शेतात झिंक फॉस्फाइडचे विषारी आमिष जितके कमी पडेल तितके बरे, कारण ते कुत्र्याला आणि लेकरालाही ओळखत नाही. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी पहिले थांबे आपल्या रानात लावायला होकार दिला आहे.

मुलाने मात्र आमच्यासमोर प्रश्न टाकला, "घुबड बसलं तर ते उंदराची आईच उचलून नेईल ना, सर?"

आम्ही हो म्हटले. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग बांबू किती उंच कापायचे ते विचारू लागला.