करवत कोणाची, छंद कोणाचा?

सध्या शहरांत सुतारकामाला बरे दिवस आले आहेत. सुतारांना नाही, सुतारकामाला. बंगळुरू, पुणे, गुरुग्राम इथल्या बाल्कन्यांमध्ये चांगल्या पगाराची माणसं शनिवार-रविवारी ड्रिल मशीन घेऊन बसतात, एखादं स्टूल बनवतात, त्याचा व्हिडिओ टाकतात आणि खाली लिहितात की हाताने काम केलं की मन शांत होतं. त्याच इमारतीत कपाट बसवायला आलेल्या मिस्त्रीला वॉचमन वहीत नाव लिहायला लावतो, सामानाची लिफ्ट दाखवतो, आणि त्याला पाणी द्यायचं झालं तर ग्लास कुठला द्यायचा याचा घरात विचार होतो. करवत तीच, भुसाही तोच. तो एकाच्या अंगावर उडाला की छंद होतो आणि दुसऱ्याच्या अंगावर उडाला की त्याची पायरी ठरते.

हे वाचून कोणी म्हणेल, की आता यांना स्टूल बनवण्यातही जात दिसायला लागली. दिसते, कारण ती तिथे आहे. पण मला त्या छंदाची टिंगल करायची नाही. माझं म्हणणं उलट आहे. घरातलं साधं लाकडी फर्निचर स्वतः बनवायला आपण, म्हणजे घरातल्या पहिल्या पदवीधरांनी, जरूर शिकावं. फक्त मन:शांतीसाठी नाही आणि 'आपली थोर परंपरा' म्हणून तर अजिबात नाही. आपली कारणं वेगळी आहेत.

बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिलं आणि जे त्यांना करू दिलं गेलं नाही, त्यात जातीच्या समर्थकांचा एक लाडका युक्तिवाद त्यांनी मोडून काढला. जात म्हणजे श्रमविभागणी, असं समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवलं की इथे विभागणी श्रमांची नाही, श्रमिकांची आहे. शिवाय ती आवडीवर किंवा कुवतीवर ठरत नाही, जन्मावर ठरते, आणि तिच्यात वर-खाली लावलेलं असतं.

आपल्या गावगाड्यातला सुतार घ्या. नांगर, पाभर, गाडी, घराचं आढं आणि दारं हे सगळं त्याच्या हातचं. मोबदला खळ्यावर, धान्याच्या रूपात. किती द्यायचं ते शेतवाला ठरवणार. त्याच्याकडे कौशल्य होतं, त्या कौशल्याची किंमत लावायचा अधिकार नव्हता. आणि त्याच्या खालच्यांचं काय? लाकूड फोडायला, ओझं वाहायला महार-मांगाचा हात चालत होता. त्या हातात रंधा आणि पटाशी देऊन 'शीक' म्हणण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. एकाला धंदा सोडता येत नव्हता आणि दुसऱ्याला धरता येत नव्हता. सुतार आणि महार या दोघांनाही बांधणारी साखळी एकच होती, कड्या वेगळ्या होत्या. ओबीसी आणि दलित तरुणांनी एकत्र बसून समजून घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

या साखळीला मुलामा देण्याचं काम मोठमोठ्या माणसांनी केलं. बाबासाहेबांच्या त्या भाषणावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये उत्तर दिलं, त्यात वर्णाचा अर्थ सांगितला तो वाडवडिलांच्या धंद्यावर पोट भरण्याचा. बाबासाहेबांनी सरळ विचारलं, की बनियाच्या घरात जन्मलेले तुम्ही वकील कसे झालात? तुमच्या वाडवडिलांनी व्यापार सोडून दिवाणगिरी कशी धरली? आजही वडिलोपार्जित कौशल्याचे गोडवे गाणाऱ्यांना हाच प्रश्न विचारायला हवा. गोडवे गाणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःच्या आजोबांचा धंदा करतात?

1953 साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेचे तास कमी केले. उरलेल्या वेळात मुलांनी घरी आईबापाचा धंदा शिकावा, अशी ती योजना. लोकांनी तिचं नाव ठेवलं कुलकल्वी, म्हणजे कुळाचं शिक्षण. पेरियार आणि द्रविड चळवळ रस्त्यावर उतरली, राजाजींना पद सोडावं लागलं आणि 1954 मध्ये कामराजांच्या काळात योजना मागे घेतली गेली. तमिळ लोकांच्या ते अजून लक्षात आहे.

म्हणून 17 सप्टेंबर 2023 रोजी विश्वकर्मा जयंतीला केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना आणली, तेव्हा तिथे लगेच कान टवकारले गेले. 13,000 कोटींची योजना, 18 व्यवसाय, यादीत पहिलंच नाव सुतार. हत्यारांसाठी 15,000 रुपये, 5 टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचं कर्ज. कारागिराला पैसा आणि हत्यारं मिळणार असतील तर विरोध कोण करेल? पण योजनेची भाषा पाहा: कुटुंबावर आधारलेले पारंपरिक व्यवसाय, गुरु-शिष्य परंपरा. तमिळनाडू सरकारने म्हटलं की घराण्याची अट काढा आणि किमान वय 18 ऐवजी 35 करा. 18 हे कॉलेजात जायचं वय आहे, बापाच्या धंद्यात परत ढकलायचं नव्हे. केंद्राने ऐकलं नाही. 2024 मध्ये तमिळनाडूने ही योजना नाकारली आणि जातीची अट नसलेली स्वतःची योजना आणायचं ठरवलं. हाच प्रश्न महाराष्ट्रात किती जणांनी विचारला?

शिवाय नावाकडेही बघा. पश्चिम उत्तर प्रदेशात सुतारकाम आणि लोहारकाम मोठ्या प्रमाणात सैफी मुसलमान करतात. सहारनपूरचं प्रसिद्ध लाकडी कोरीवकाम बहुतांश मुसलमान कारागिरांच्या हातचं आहे. देशाच्या लाकूडकामाला एकाच देवाचं नाव दिलं की हे हात नजरेआड होतात. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. फुलं पटाशीला वाहतात, आणि पटाशी धरणाऱ्याची मजुरी दिवाळीपर्यंत थकते.

आता थोडं आपल्याकडेही बघू. आपल्या घरांत शिक्षणाचा अर्थ काय ठरला? हाताच्या कामातून सुटका. यात आईवडिलांची काही चूक नाही, त्यांना ते काम कोणी निवडू दिलं नव्हतं. मी हैदराबादेत भाड्याच्या खोलीत टेबल बनवतेय असं फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, "अगं, पीएचडीला गेलीस ना तू? मग हातात करवत कशाला?" तिच्या आवाजात भीती होती. पोरगी पुन्हा खाली घसरते की काय, ही भीती. तिला मी हसू शकत नाही. पण तीच भीती आपल्या तोंडून वेगळ्या रूपात बाहेर पडते, तेव्हा मात्र थांबायला हवं. आयटीआयला गेलेल्या चुलतभावाला आपण 'तो काही शिकला नाही' म्हणतो. मिस्त्री आपल्या बापाच्या वयाचा असला तरी त्याला 'अरे-तुरे' करतो. हाताला कमी आणि डोक्याला जास्त मानायची ही रीत आपली नाही. ज्यांनी आपल्याला शाळेबाहेर ठेवलं त्यांची आहे. जोतिराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, तेव्हा वाचन-लेखन-हिशेबासोबत शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं होतं. अक्षर आणि हात यांत त्यांनी भांडण लावलं नाही.

तेव्हा टेबल. पहिली वस्तू टेबलच का? कारण आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात ते नव्हतं. आमच्या दोन खोल्यांत अभ्यास व्हायचा तो पत्र्याच्या पेटीवर, मान मोडून. जागा कमी होती हे खरं, पण लिहिण्यासाठी एक वेगळी जागा असावी ही कल्पनाच आमच्या घरापर्यंत पोचलेली नव्हती. समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात, त्याची सुरुवात पुस्तकांच्याही आधी तिथून होते.

हिशेब अगदी साधा आहे. 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची 8 बाय 4 फुटांची एक शीट पुरते. घरात कोरड्या जागी ठेवायचं टेबल असेल तर एमआर ग्रेड चालते, त्यावर आयएस 303 असा शिक्का असतो. ओल लागणार असेल तर आयएस 710. दुकानातच मशीनवर कापून मागा. वरची फळी 48 बाय 24 इंच. दोन बाजू, प्रत्येकी 29 बाय 24. मागच्या बाजूला दोन्ही बाजूंच्या मध्ये बसणारी आडवी फळी, 46.5 बाय 12. ही मागची फळी वाचवायचा मोह होतो, पण टेबल डगडगतं ते तिच्याचवाचून. एवढं करूनही शीटमधून पुस्तकांच्या मांडणीपुरते तुकडे उरतात. स्क्रू मारण्याआधी त्याहून बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर प्लाय कडेने फाटतं. सांध्याला फेव्हिकॉल लावा. कडा आधी 120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. तोंडाला मास्क बांधा, भुसा फुप्फुसात जातो.

आणि कोन काटकोनात आहे की नाही हे कसं बघायचं? दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट बरोबर. किंवा कोपऱ्यापासून एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजा, मधलं अंतर 5 यायला हवं. हे मला प्लायच्या दुकानातल्या मिस्त्रींनी सांगितलं, ज्यांनी नववीत शाळा सोडली होती. पायथागोरसचं प्रमेय मी दहावीत पाठ केलं आणि मार्क घेतले. ते रोज वापरतात आणि 'अडाणी' म्हणवून घेतात. मार्क कशाला मिळतात आणि कशाला मिळत नाहीत हे कोणी ठरवलं, हा प्रश्न प्रबंधात विचारण्याआधी हातात टेप घेऊन विचारून बघा.

त्याच दुकानात मला आधी सांगण्यात आलं होतं, "मॅडम, मिस्त्री को भेज दो." बाई, शिकलेली, सुतारही नाही, तर मग करवत कशाला? जात आणि पुरुषसत्ता गिऱ्हाइकाला अशी एकाच वाक्यात ओळखतात. बहिणींनो, ड्रिल मशीनचं बटण दाबायला मिशी लागत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: सगळेच आपलं आपण बनवायला लागले, तर सुताराच्या पोटाचं काय? ज्यांना मिस्त्री परवडतो त्यांनी मिस्त्रीलाच बोलवावं आणि पूर्ण पैसे द्यावेत. पण भाड्याच्या खोलीतला विद्यार्थी मिस्त्रीला बोलावणारच नसतो. तो ऑनलाइन भुशाच्या बोर्डाचं टेबल मागवतो, जे एका पावसाळ्यात फुगतं. प्लायचं टेबल त्याहून स्वस्त पडेलच असं नाही. पण दोन दिवस करवत चालवल्यावर एक गोष्ट नक्की होते: पुढच्या वेळी मिस्त्रींनी मजुरी सांगितली की 'जरा कमी करा' हे शब्द तोंडातून निघत नाहीत. शिकायचं असेल तर त्यांच्याकडे शिका, शिकवणीची फी द्या, आणि त्यांना 'तुम्ही' म्हणा.

1974 साली इटलीत एन्झो मारी नावाच्या डिझायनरने साध्या फळ्या आणि खिळ्यांनी बनवायच्या फर्निचरचे आराखडे लोकांना खुले करून दिले. स्वतः एकदा बनवलं की बाजारातल्या वस्तूकडे माणूस डोळसपणे बघतो, असा त्याचा विचार. विचार चांगला आहे, पण त्याच्या देशात खिळा ठोकणाऱ्याची जात कोणी विचारत नव्हतं. आपल्याकडे 2018 साली हैदराबादला आयकियाचं दुकान आलं. गिऱ्हाइकाने सुटे भाग घरी नेऊन स्वतः जोडावेत, ही त्यांची जगभरची पद्धत. इथे पहिल्यापासूनच घरी येऊन जोडून देणाऱ्या माणसांची सोय करावी लागली. चार स्क्रू आवळायलाही ज्या समाजाला दुसऱ्याचा हात लागतो, तो समाज हाताच्या कामाची थोरवी सांगतो तेव्हा त्यावर किती विश्वास ठेवायचा?

म्हणून आपलं कारण वेगळं आहे. सुताराच्या मुलीने सुतारकाम सोडून न्यायाधीश व्हावं, चांभाराच्या मुलाने हौसेने रंधा मारावा, आणि जोशीबुवांच्या नातवाने आयटीआयला नाव घालून त्याच मजुरीवर पोट भरून दाखवावं. तिन्ही गोष्टी घडतील तेव्हा हाताच्या कामाला प्रतिष्ठा आली असं म्हणू. तोवर 'श्रमप्रतिष्ठा' हा आपल्याला गप्प बसवायचा शब्द आहे.

आपल्या वस्त्यांमध्ये विहाराला लागून अभ्यासिका असतात. कित्येक ठिकाणी पोरं सतरंजीवर बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. गावी जाल तेव्हा निवेदन देऊन आमदारनिधीची वाट बघण्याआधी वर्गणी काढा, दोन शीट आणा, वस्तीतल्या मुला-मुलींच्या हातात टेप आणि ड्रिल द्या. दोन दिवसांत दोन टेबलं उभी राहतील. त्यावर बसून कोण काय होईल, हे त्या मुलांना ठरवू द्या.