सांता हप्ता भरत नाही

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला, की माझ्या टेबलासमोरची रांग वाढते. वसईतल्या एका पतसंस्थेत मी कर्जविभागात काम करते. अर्जात कर्जाच्या कारणाचा रकाना असतो. त्यात 'मुलांची खेळणी' असं कुणीही लिहीत नाही. घरदुरुस्ती लिहितात, औषधपाणी लिहितात. समोर बसलेला रिक्षावाला भाऊ मात्र खाली बघत खरं सांगतो: पोराला टॅब हवाय, वर्गात सगळ्यांकडे आहे, आणि नाताळ तोंडावर आलाय. शेजारी बसलेली त्याची बायको कानातले काढून टेबलावर ठेवते. सोनेतारण. ते कानातले पुढच्या नाताळला तिच्या कानात परत दिसले, असं माझ्या नोकरीत क्वचित घडलं आहे.

त्या माणसावर माझा राग नाही. ज्यांनी त्याला या खुर्चीपर्यंत आणून बसवलं त्यांच्यावर आहे, आणि सुरुवात मी शाळेपासून करते.

माझी मुलगी दुसरीत असताना तिच्या शाळेतून निरोप आला. प्रत्येक पालकाने आपल्या मुलासाठी भेट आणावी, कागदात गुंडाळून वर नाव घालावं आणि मुलाला कळू न देता कार्यालयात जमा करावी. कार्यक्रमात सांता ती वाटेल. आम्ही रंगपेटी आणि चित्रकलेची वही दिली, १८० रुपयांची. सांताने एकेक नाव पुकारलं. एका मुलाला रिमोटवर चालणारी मोटार मिळाली, खोकं त्याच्या कमरेएवढं. घरी आल्यावर मुलीने मला विचारलं, "आई, मी त्याच्यापेक्षा वाईट वागले का गं?"

हा प्रश्न तिच्या डोक्यात शाळेने घातला. चांगल्या मुलांनाच सांता भेट देतो, हे महिनाभर गाण्यातून घोकून घ्यायचं आणि मग आईबापांच्या खिशातली तफावत भर सभागृहात, नाव पुकारून, मुलांच्या हातात ठेवायची. सात वर्षांच्या मुलाने यातून काय समजावं? आपण गरीब आहोत हे त्याला कळत नाही. आपण वाईट आहोत, एवढंच कळतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन हे बोलले. "मुलांना मजा येते," असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षीच्या निरोपात एक वाक्य वाढलं होतं: भेट किमान ३०० रुपयांची असावी. मुलांना हे असलं शिकवणाऱ्या शाळेला संस्कार हा शब्द उच्चारायचा अधिकार नाही.

दुसरे गुन्हेगार 'नो कॉस्ट ईएमआय'वाले. मी आकड्यांतच जगते, म्हणून आकड्यांत सांगते. समजा, १२,००० रुपयांचा टॅब क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत घेतला. बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढी रक्कम सूट म्हणून वळती करतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी. वर्षाला १५ टक्के दर धरला, तर ते नव्वदेक रुपये होतात. वर प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावर पुन्हा जीएसटी. म्हणजे फुकट म्हणून घेतलेल्या हप्त्यांचे सव्वातीनशे रुपये गेले, आणि रोखीत घासाघीस करून जी सूट मागता आली असती तीही गेली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. बाजाराने फक्त पाटी बदलली.

आणि कार्डाची थकबाकी राहिली तर? महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर आज सर्रास लागतो. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला, नाताळच्या पाच दिवस आधी. तेव्हा तुम्हाला वाचवायला कुणी येईल, या भरवशावर कार्ड पुढे करू नका.

आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांची आणखी एक अडचण आहे, जी बाहेरच्यांना दिसत नाही. महाराष्ट्रात बोनस दिवाळीला मिळतो. कायद्याचा किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. ख्रिस्ती कामगाराच्या हातातही तो दिवाळीतच पडतो, आणि नोव्हेंबरात किराणा, उधारी, शाळेची फी यांत विरघळतो. नाताळ येतो महिन्याच्या २५ तारखेला, खिसा सगळ्यात रिकामा असतो तेव्हा. ज्या घरात हे दर वर्षी घडतं त्या घराने त्याची तजवीज डिसेंबरात करायची नसते. जानेवारीत करायची असते.

"पण मुलांचं मन मोडवत नाही हो, मॅडम." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि ते मला पटत नाही. फेब्रुवारीत वसुलीवाल्याचा फोन वाजला, की तेच मूल बापाचा बदललेला आवाज ऐकतं. आईचे रिकामे कान बघतं. कुणामुळे हे झालं, हेही त्याला समजतं. मन तेव्हा मोडतं, आणि तो टॅब एव्हाना कोपऱ्यात पडलेला असतो.

आपण ख्रिस्ती म्हणवतो, तर लूकचं शुभवर्तमान तरी नीट वाचू या. दुसऱ्या अध्यायात मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात, तेव्हा होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिल्लं अर्पण करण्याचा उल्लेख येतो. लेवीय या ग्रंथातल्या नियमाप्रमाणे खरं तर कोकरू द्यायचं. ज्याला कोकरू परवडत नाही त्याच्यासाठी दोन पक्ष्यांची सवलत होती. ज्याच्या जन्माचा सण आपण कर्ज काढून साजरा करतो, त्याच्या आईबापांनी ती गरिबांची सवलत घेतली. देवाच्या दारात घेतली आणि लपवली नाही. आणि ज्याच्यावरून सांता आला तो चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस? आख्यायिका सांगते, की तीन मुलींच्या लग्नाला पैसा नसलेल्या बापाच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, मुली विकल्या जाऊ नयेत म्हणून. गांजलेल्या बापाची लाज राखणारा माणूस होता तो. त्याच्या नावाने आज बापांना तारण ठेवायला लावतात.

माझ्या लहानपणी आम्हा पाचही भावंडांचे नाताळचे कपडे एकाच ताग्यातले असायचे. बाबा मे महिन्यापासून पैसे बाजूला टाकत आणि किती जमले ते आम्हाला सांगत. आम्ही नाताळच्या फराळाचे कुलकुल वळायला बसायचो, तेव्हा त्याच आकड्यावर आमच्या गप्पा चालायच्या. आकडा कळल्यामुळे आमचं बालपण हरवलं नाही.

आता माझ्या घरातही तसंच चालतं. दर शनिवारी ५० रुपये डब्यात, वर्षाचे २,६००. त्यातले १,८०० दोन मुलांच्या भेटींचे, उरलेले गोडधोडाचे. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी डबा मुलांसमोर उघडतो, नोटा तीच मोजतात. मुलाला एका वर्षी १,५०० ची बॅट हवी होती. त्याच्या वाट्याला ९०० होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हातावर ठेवलेले पैसे साठवून त्याने ६०० जमवले आणि बॅट एप्रिलमध्ये घेतली. त्या बॅटीला तो अजून तेल लावतो.

नात्यातलं देणंघेणं तर निम्म्या घरांना बुडवतं. आम्हा भावंडांची मिळून अकरा मुलं. पूर्वी मी नऊ भाचरांसाठी प्रत्येकी २०० धरून १,८०० घालवायची, आणि प्रत्येक घर असंच काहीतरी करायचं. आता चिठ्ठ्या टाकतो. प्रत्येक मूल एकाच भावंडाला भेट देतं, २०० च्या आत. माझे ४०० जातात. मोठी वहिनी दोन वर्षं रुसली होती. तिसऱ्या वर्षी तिनेच चिठ्ठ्या लिहिल्या.

शाळांच्या व्यवस्थापनांना माझं सांगणं आहे: पालकांकडून भेटी मागवणं बंद करा. वाटायचंच असेल तर शाळेच्या खर्चाने प्रत्येक मुलाला एकसारखी पेन्सिल द्या. धर्मग्रामातल्या फादरांनी हे आगमनकाळातल्या प्रवचनात स्पष्ट शब्दांत सांगावं, नुसतं साधेपणावर बोलून थांबू नये. आणि आईबापांनो, मुलांना आज जवळ बसवा, घरात किती पैसे आहेत ते रुपयांत सांगा आणि तेवढ्यातच भेट घ्या. कानातले कानात राहू द्या. माझ्या टेबलासमोर घराच्या पत्र्यांसाठी या, आजारपणासाठी या, मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी या, मी रात्री उशिरापर्यंत थांबून तुमचा अर्ज करून देईन. खेळण्यासाठी येऊ नका.