फ्रीज रुसला!

मुलांनो, फ्रीज थंडी तयार करतो असं तुम्हाला वाटतं ना? माझ्या भाच्यालाही तसंच वाटायचं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमगावला ताईकडे गेलो होतो. आपल्या गोंदिया जिल्ह्यातला मे म्हणजे पारा ४५च्या घरात! दारातच भाचा म्हणाला, "मामा, फ्रीज रुसलाय. पाणी गार होत नाही, दूध फाटलं. आणि आजीचं इन्सुलिन आतच आहे!"

पाण्याचं एक वेळ राहू द्या. पण इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवावी लागते. यावर पठ्ठ्यानं स्वतःच उपाय केला होता. गारव्याचं बटण शेवटच्या आकड्यावर, आणि बाटली थेट बर्फाच्या कप्प्यात! मी ती आधी बाहेर काढली. नुकतीच ठेवलेली होती म्हणून बरं, गोठली नव्हती. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. टाकून द्यावं लागतं.

"मेकॅनिकला बोलावू का रे?" ताईनं विचारलं. म्हटलं, थांब, आधी आपणच बघू.

तर बरं का, फ्रीज थंडी बनवत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बर्फाच्या कप्प्याभोवतीच्या नळ्यांत एक द्रव असतो. त्याची वाफ होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून मागच्या काळ्या जाळीत ढकलतो. तिथं ती उष्णता हवेत सोडते आणि पुन्हा द्रव होते. म्हणून तर जाळीजवळ हात नेला की ऊब लागते. आता शोधायचं एवढंच, की ही उष्णता अडते कुठे आणि नको तिथून आत शिरते कुठे?

प्लग काढून फ्रीज पुढे ओढला. बघतो तर काय, तो भिंतीला अगदी खेटलेला, वरच्या भरतकामाच्या कव्हराची झालर जाळीवर लोंबतेय, आणि जाळीवर धुळीचा थर! ब्रशनं झाडली, कव्हर काढलं, भिंतीपासून वीतभर जागा सोडली. (कव्हरावरून ताई थोडी नाराज झाली, ते सोडा.)

मग नोटेची परीक्षा. दारात दहाची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. वर ती घट्ट बसली, खाली मात्र अलगद सुटली. तिथल्या रबराला आमरस चिकटून वाळला होता! साबणाच्या पाण्यानं पुसल्यावर दार नीट बसलं.

खरा चोर निघाला बर्फ. कप्प्याभोवती दोन बोटं जाड थर! बर्फाची अशी गोधडी पांघरल्यावर खालची उष्णता नळ्यांपर्यंत पोचणार कशी? भाचा धावत सुरी घेऊन आला. "खाली ठेव ती!" मी ओरडलोच. नळीला भोक पडलं की गॅस गेला, आणि मग खरा खर्च. बर्फ आपोआप वितळू द्यायचा.

तोवर इन्सुलिनचं काय? आजीनं तोडगा सुचवला, माठ! औषधाच्या दुकानात विचारून घेतलं आणि घट्ट झाकणाच्या डबीत बाटली घालून डबी माठात सोडली. माठ फ्रीजइतका गार नसतो, पण खोलीपेक्षा पुष्कळ गार. रात्रीपुरतं तेवढं चाललं. आणि गंमत म्हणजे शास्त्र तेच. पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, ती उष्णता घेऊन जाते.

सकाळी बटण मधल्या आकड्यावर ठेवून फ्रीज सुरू केला. संध्याकाळी घरोघरी कूलर लागले, तसा व्होल्टेज उतरला आणि कॉम्प्रेसर घरघर करून थांबला. हा दोष फ्रीजचा नाही. त्याला स्टॅबिलायझर हवा. वीज जाऊन आली, की पाच मिनिटं थांबून मगच फ्रीज लावा. कॉम्प्रेसर सारखा चालतोय पण जाळी गरमच होत नाही, किंवा दिवा लागतो पण कॉम्प्रेसर गप्प, असं असेल तर मात्र मेकॅनिकच हवा. तारांना तुम्ही हात लावायचा नाही!

दुसऱ्या दिवशी बाटली फ्रीजमध्ये परत गेली, दाराच्या कप्प्यात. पाणीही गारेगार झालं. भाच्यानं मोठ्या ऐटीत आजीला पेला दिला.

"नको रे बाबा, दात कळतात," म्हणत आजी माठाकडे वळली.