फेकलेल्या दगडाचं नाव

कोलारची सोन्याची खाण २००१ मध्ये बंद पडली आणि २०१८ मध्ये तिच्या नावाचा सिनेमा आला. ऑस्ट्रेलियात बॅलारटला लोक तिकीट काढून जुन्या सोन्याच्या खाणीत फिरतात. सोन्याचं असंच आहे, संपलं तरी त्याचा भाव राहतो. आमच्या सौंसर तालुक्यात निघालं ते मँगनीज. त्यावर कोण सिनेमा काढणार?

तरी या हिवाळ्यात मराठी साहित्य मंडळाची सहल ठरली तेव्हा मी हट्ट धरला. जामसांवलीला जातोच आहोत, पिंपळाखाली निजलेल्या मारुतीचं दर्शन होईल, जेवण होईल, मग उरलेला अर्धा दिवस जुन्या खदानींकडे पायी जाऊ. (कॅथलिक मुलगी मारुतीची सहल आखते, यावर कॅन्टीनमध्ये झालेले विनोद मी ऐकलेत. चालू द्या.) एका सरांनी मात्र सरळ विचारलं, "साहित्य मंडळाचं खदानीत काय काम?" प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर लिहून देते.

पोलाद बनवायला मँगनीज लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांतातून ते जहाजं भरभरून बाहेर गेलं. त्याच काळात लुईस ली फर्मोर नावाचा इंग्रज भूशास्त्रज्ञ आपल्या टेकड्या पालथ्या घालत होता. १९०९ मध्ये त्याचा भारतातल्या मँगनीजवरचा जाडजूड ग्रंथ आला. पुढे इथल्या खडकांच्या अख्ख्या समूहालाच 'सौंसर' नाव पडलं, आणि त्यातल्या थरांना लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवाणी, बिचुआ. भूशास्त्र शिकणारा पोरगा आपल्या गावांची नावं घोकतो. आपल्याच वर्गात ती अर्ध्यांना माहीत नसतात.

फर्मोरनं सीतापारच्या नावानं एका खनिजाला 'सीतापाराइट' म्हटलं. ते आधीच दुसऱ्या नावानं नोंदलेलं निघालं, आणि सीतापारचं नाव यादीतून गेलं. दुसरं नाव टिकलं. गार्नेट आणि क्वार्ट्झच्या एका खडकाला त्यानं गोंडांवरून 'गोंडाइट' म्हटलं. हे वाचून मला आधी छान वाटलं होतं.

मग आम्ही एका पाणी साचलेल्या खदानीच्या काठी उभे होतो. शेजारच्या वस्तीतल्या एक आजी आमच्यासोबत आल्या होत्या. तरुणपणी त्यांनी तिथं दगड निवडायचं काम केलेलं. घमेल्यात माल भरायचा, निवडायचा, डोक्यावरून न्यायचा. चांगला माल ओळखायचा कसा, विचारलं तर त्यांनी दोन काळपट गोटे उचलून माझ्या दोन हातांत दिले. "पाह्य. जड असन तं ठेवाचा, हलका असन तं फेकाचा." हलका होता तो गोंडाइट. म्हणजे ज्याला गोंडांचं नाव दिलं, तोच दगड त्या सगळ्या बाया आयुष्यभर वेचून फेकत होत्या. समोर त्याचे ढिगारे पडलेले.

फर्मोरला मी दोष देत नाही, त्याचं काम दगडाचं होतं. पण इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात कळलेली एक गंमत सांगते. याच फर्मोरचा मुलगा म्हणजे पॅट्रिक ली फर्मोर. १९३३ च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी तो हॉलंडहून निघाला आणि थेट इस्तंबूलपर्यंत पायी गेला. त्याच्या पुस्तकांत वाटेत भेटलेली माणसं आहेत, त्यांचं बोलणं आहे, त्यांच्या घरातलं जेवण आहे. आपल्या टेकड्यांच्या वाट्याला बापाचं पुस्तक आलं. मुलासारखं पुस्तक कोणी लिहिलं नाही.

ते आपण लिहायचं, हे सरांना माझं उत्तर. आणि आत्ताच, कारण त्या आजी ऐंशीच्या घरात आहेत. त्यात आमचा हा भाग १९५६ पासून मध्य प्रदेशात. घरी मराठी, शाळेत हिंदी, पुढं कॉलेजात इंग्रजी. खदानीतली बोली या तिन्हींपैकी कुठल्याच वहीत उतरली नाही. नागपूरचे प्राध्यापक तिला अशुद्ध म्हणतात, भोपाळला ती मराठी आहे म्हणून नको. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, जामसांवलीला हनुमान लोक होतो आहे, रस्ते रुंद होतील. चांगलंच आहे. पण ढिगारे सपाट करायला एक जेसीबी आणि दोन दिवस पुरतात.

तेव्हा पुढच्या वर्षीची सहल अशी असावी: दहा-बारा जणच, गावातलं माणूस सोबत, पावसाळा सोडून. खदानीचे काठ ठिसूळ असतात, कठडा नसतो, त्यामुळे काठावर सेल्फी बंद. चालू खदानीत परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये रेकॉर्डर सुरू, आणि बोलणाऱ्याला आधी विचारून. आल्यावर जसं बोलले तसंच उतरवायचं, 'असन' चं 'असेल' करायचं नाही.

आजींनी दिलेला हलका गोटा मंडळाच्या कपाटात ठेवलाय. जड त्यांनी परत घेतला. म्हणाल्या, "हा कामाचा हाये."